उत्तराची झडती

त्या पोरीनं ‘हळद घेतली वाटीभर’ एवढंच म्हटलं आणि वामनरावांच्या हातातल्या कागदी कपातला चहा त्यांच्या पँटवर सांडला. पौषातली दुपार होती, ऊन मऊ होतं, मांडवात हजार-दीड हजार माणूस दाटीवाटीनं बसलेलं, आणि चहाही कोमटच. भाजण्याचं काही कारण नव्हतं. तरी ते खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. शेजारच्या परीक्षक बाईंनी रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला, मांडीवर ठेवला आणि पुसायचं विसरून गेले. कारण पुढची ओळ त्यांना ठाऊक होती. तिच्या पुढचीही. आता कोणी म्हणेल, साडेतीनशे झडत्या गावोगाव फिरून गोळा केलेला माणूस, पुस्तक काढलेला माणूस, त्याला एखादी झडती पाठ असली तर नवल काय? पण ही त्यांच्या पुस्तकात नव्हती. वहीतही नव्हती. गोळा करताना दोन ठिकाणी म्हाताऱ्यांनी तिची सुरुवात केली होती आणि वामनरावांनी घाईघाईनं ‘ही झाली माझ्याकडे, दुसरी सांगा’ म्हणून त्यांना थांबवलं होतं. मेली असेल आता ती, असं धरून चालले होते. आणि इथे ती यवतमाळच्या स्टेजवर, ध्वनिक्षेपकातून, सतरा वर्षांच्या पोरीच्या खणखणीत आवाजात चालून येत होती.

“हळद घेतली वाटीभर, तूप घेतलं बोटभर,
बैल बिचारा उभा राह्यला कोठ्याच्या दारावर;
खांदा मळाचा सोडून बेबी गेली कुठवर?
पाचही बोटं उमटली पाहा उकंड्याच्या पाठीवर!
हर बोला...”

“हर हर महादेव!” मांडव दणाणला. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची बायको शोभा तर इतकी हसली की तिनं डोळे पुसले आणि शेजारणीच्या मांडीवर थाप मारली.

झडती म्हणजे काय, हे सकाळी उद्घाटनाच्या भाषणात वामनरावांनीच सांगितलं होतं, आणि काय रंगवून सांगितलं होतं! पोळा श्रावणाच्या अमावस्येला आणि लोकोत्सव पौषात, बैल फायबरचे आणि तोरणाला आंब्याची पानं प्लास्टिकची, पण त्यांचा उत्साह अस्सल होता. पोळ्याच्या दिवशी बैल सजून तोरणाखाली उभे राहतात. तोरण तुटायच्या आधी एकेक गडी पुढे येतो आणि यमक जुळवून कोणाची तरी भर गावात टोपी उडवतो. “नाव घेतल्याशिवाय झडती होत नाही मंडळी, मग ती नुसती कविता होते,” असं म्हणून त्यांनी टाळी घेतली. झडतीचा राग धरायचा नसतो, तोरण तुटलं की विषय संपला. आणि ज्याच्यावर झडती झाली त्यानंच शेवटी सगळ्यांहून मोठ्या आवाजात महादेव म्हणायचा. जो मोठ्यानं म्हणेल तो सुटला; जो पुटपुटेल त्याला ती चिकटली. “केवढं हे आपल्या मातीचं औदार्य!” म्हणताना त्यांचा गळा दाटला. तो दर भाषणात इथेच दाटतो. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला उरलेल्या आयुष्यात गळा दाटायला एखादी जागा लागते, ती त्यांना सापडली होती. त्यांच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य होतं, ‘झडतीला कर्ता नसतो.’ या वाक्यावर त्यांचं फार प्रेम. एखाद्यानं दारावर कुलूप लावावं तसं त्यांनी ते पुस्तकाच्या तोंडाशी लावलं होतं.

पोरगी स्टेजवरून उतरली नाही. ध्वनिक्षेपक तिनं दोन्ही हातांनी धरला. “मी सलोनी, बाभुळगावची. माह्या आजीचं माहेर नेरकडचं बोरटाकळी. हे झडती तिथं माह्या आजीवरच झालती, चाळीस वर्सं झाले. आजीच्या संगं ते सासरी बी आली. अजूनबी पोळ्याले कोनी ना कोनी म्हनतेच. झडतीले उत्तर द्या लागते, नाही तं ते जनमभर चिकटते. पन बायाइले तोरनाखाली कोन येऊ देते? आजी उत्तर कोठून देईन? आता या उत्सवानं पोरीइले म्हनू देलं, तं आजीचं उत्तर मी आनलं. ते दुसऱ्या फेरीत म्हनीन. आजी तिकडं रोडग्याच्या दुकानावर बसली हाय, तिथून आयकून राह्यली.” दोन हजार हातांची टाळी पडली. सगळ्यांच्या माना मागे वळल्या, जिथे खाद्यपदार्थांच्या राहुट्यांवरून गोवऱ्यांचा धूर वर चढत होता. वामनरावांची मान तेवढी वळली नाही.

बेबी. बोरटाकळीत मामाच्या घराला लागून तिच्या बापाचं, घनश्यामचं घर, दोन्ही घरांच्या मधे पुरुषभर उंचीची एक भिंत आणि भिंतीपलीकडे घनश्यामच्या बैलांचा कोठा. वामन तेव्हा तेवीस वर्षांचा, यवतमाळहून मामाकडे पोळ्याला यायचा, कारकुनाच्या नेमणुकीचं पत्र येऊ घातलेलं. बेबी एकोणीसची. त्या वर्षी दोनदा ती म्हणाली होती, “माह्या बापाले सांग,” आणि दोनदा तो म्हणाला होता, “पोळा होऊ दे.” पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, ते हळद-तुपानं मळून मऊ करायचे आणि बैलाला उद्याचं आवतन द्यायचं. ती वाटी घेऊन कोठ्यात आली तेव्हा तो भिंत ओलांडून आत उभा होता. पुढे काय झालं ते त्यानं इतक्यांदा आठवून पाहिलं होतं की आता त्यात खरं किती आणि आठवण्यानं गुळगुळीत झालेलं किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बैलाच्या श्वासाचा ऊबदार वास, पेंढीचा वास, तुपाचा वास. तिचा हात त्याच्या पाठीवर. आणि दाराबाहेर बेबीच्या काकूची हाक. तो भिंतीवरून उडी मारून आला; काकूनं अंधुक उजेडात एक पांढरा सदरा तेवढा पाहिला. मामाच्या न्हाणीत आरशाकडे पाठ करून त्यानं मान वळवून बघितलं, तर नव्या टेरिकॉटच्या सदऱ्यावर पाच पिवळी बोटं. त्यानं साबण लावून घासलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण तो पडला शिकलेला मुलगा. घासावं तसं लाल होत गेलं. कुंकवात बुडवून उमटवल्यासारखी पाच लालभडक बोटं झाली.

“सर, गुण,” उत्सवाची निवेदिका सुरभी त्यांच्यासमोर कागद धरून उभी होती. तिघा परीक्षकांनी दहापैकी गुण द्यायचे, वरचे तिघे दुसऱ्या फेरीला जाणार. शेजारच्या बाई नऊ लिहून मोकळ्या झाल्या होत्या. पलीकडचे गृहस्थही नऊ लिहून नातवाला फोनवर तीच झडती ऐकवत होते. वामनरावांनी पेन उघडलं. उत्तरात काय असेल? दुसरं काय असणार! पहिल्या रांगेत शोभा, तिच्या शेजारी तिची भिशी, मागे कचेरीतली जुनी माणसं, आणि जागोजागी वर धरलेले मोबाइल. त्यांना एकाएकी बेबीचा राग आला, खरोखरीचा, हक्काचा राग. चाळीस वर्षं गप्प बसली आणि आता ही काय वेळ आहे? ती गप्प बसली याचा अर्थ त्यांनी केव्हाच लावून ठेवला होता, आणि तो अर्थ त्यांना फार आवडत असे. कधी दुपारी एकटेच पडलेले असले की ते तो काढून बघत: तिनं नाव घेतलं नाही, कारण तिचं प्रेम होतं. गाव थुंकलं, बापानं बिजवराला दिली, तरी तिनं ओठ उघडला नाही. त्यांच्या साध्यासुध्या, फायलींच्या आयुष्यात एवढी एकच मोठी गोष्ट होती, की एक बाई त्यांच्यासाठी आयुष्यभर गप्प राहिली. आणि आता ही नात. त्यांनी कागदावर दोन लिहिला. दोनाचा आकडा त्यांनी चांगला वळणदार काढला. पुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘जिवंत व्यक्तीचा नामोल्लेख, परंपरेला धरून नाही.’ सही केली. सहीखाली तारीख घालायची सवय होती, तीही घातली.

सदरा त्यांनी उकंडाला दिला होता. उकंडा घनश्यामकडे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, आणि पोळ्याला तोरणाखाली डफडं वाजवायचा मान त्याच्या घराकडे. पोळ्याच्या सकाळी गावात कुजबुज होती, पांढरा सदरा, पांढरा सदरा. वामननं वाळत आलेला सदरा घडी घालून, बोटं आत दडवून, बैल धुऊन येणाऱ्या उकंडाच्या हातात ठेवला. “घे, पोळ्याला घाल.” उकंडानं आधी हात पुसले. “एवढा नवा? मले?” त्यानं सदरा नाकाशी नेऊन वास घेतला आणि हसला. त्याचे पुढचे दोन दात किडके होते. पाठीकडे काय आहे ते ज्याच्या पाठीवर असतं त्याला दिसत नाही. आणि उकंडाच्या घरी आरसा नव्हता. मग दुपारभर, बैलांच्या शिंगांना बेगड लावता लावता, वामननं झडती जुळवली. वाटीभर, बोटभर, दारावर, कुठवर. शेवटचं यमक आपोआप आलं आणि त्याला मनापासून आनंद झाला. भीतीतसुद्धा आनंद झाला, हे त्याला पुढे कित्येक वर्षं विसरता आलं नाही. तोरणाखाली उकंडा बेभान डफडं वाजवत होता, गळ्यात पट्टा, पाठ लोकांकडे. वामन पुढे झाला आणि त्यानं झडती म्हटली. एक क्षण कोणाला कळलंच नाही. मग शेपाचशे डोळे त्या पाठीवर गेले.

घनश्यामला महादेव म्हणावा लागला. पोरीचं नाव झडतीत आलं, म्हणजे बापावर आलं. तो आपल्या बैलजोडीपाशी उभा होता, अंगावर नवं धोतर, आणि सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. तो म्हणाला. सगळ्यांहून मोठ्यानं म्हणाला. ‘हर हर’पर्यंत आवाज घंटेसारखा होता आणि ‘महादेव’च्या मधोमध तो फाटला, जुनं कापड फाटावं तसा. मग बैलांसाठी आणलेल्या नव्या कासऱ्यानं त्यानं उकंडाला मारलं. उकंडाला आधी वाटलं थट्टाच आहे, तो हसत होता. मग तो ओरडू लागला, “सदरा वामनभाऊचा हाय! वामनभाऊनं देला सदरा!” घनश्याम थांबला. वळून म्हणाला, “तुहा सदरा हाय काय रे?” बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा तेवढ्या वाजत होत्या. आणि वामन म्हणाला, शांतपणे, शहरातल्या शिकलेल्या मुलाच्या स्वच्छ आवाजात म्हणाला, “माझाच आहे. पण मी दिला तेव्हा पांढरा होता.” एवढंच. उकंडानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असावं, असं पाहिलं. नंतर तो ओरडायचाही थांबला. दिवस मावळायच्या आत त्याचं बिऱ्हाड गाव सोडून गेलं आणि पुढच्या पोळ्याला डफडं वाजवायला दुसऱ्या गावचा माणूस आणावा लागला. वामनचं नेमणुकीचं पत्र पंधरा दिवसांनी आलं.

वामनरावांना एक गोष्ट माहीत नव्हती. उत्सव या वर्षी आधुनिक झाला होता आणि परीक्षकांचे गुण मोठ्या पडद्यावर दाखवायचे असं ठरलं होतं. पडद्यावर सलोनीचं नाव आलं आणि नावापुढे नऊ, नऊ, दोन. दोनाच्या वर ठळक अक्षरांत ‘मा. वामनराव’. मांडवातून एक “अऽऽरे!” उठला. कोणीतरी मागून शिट्टी मारली. सुरभीनं प्रसंगावधान राखून पुढचं नाव पुकारलं, तरी कुरकुर चालूच राहिली. सलोनी स्टेजच्या पायऱ्यांपाशी येऊन उभी होती. “सर, माह्यं काय चुकलं?” तिनं विचारलं. डोळे भरलेले, पण आवाज ताठ. “नाव,” वामनराव म्हणाले. “जिवंत माणसाचं नाव घेऊ नये, बाळ.” ती म्हणाली, “पन सर, सकाळी तं तुमीच...” आणि थांबली, कारण मोठ्या माणसाला उलट बोलायचं नसतं हे तिला कोणीतरी नीट शिकवलेलं होतं. ती वाकली, त्यांच्या पायांना हात लावला आणि गेली. पायांवर तिची बोटं पडली तेव्हा त्यांनी पाय मागे ओढले. मग दुसरी फेरी झाली. तीन मुलांनी तीन झडत्या म्हटल्या, नेत्यांवर, रस्त्यांच्या खड्ड्यांवर आणि मोबाइलवर. त्यात कोणाचंच नाव नव्हतं आणि कोणाला काही लागलं नाही. वामनरावांनी तिघांनाही आठ आठ दिले. आपण सुटलो, असं त्यांना वाटत होतं. अंगात एक हलकेपणा आला होता, ताप उतरल्यावर येतो तसा. थोडी भूकसुद्धा लागली होती.

“रोडगे न खाता घरी जायचं? वेड लागलंय का तुम्हाला?” शोभा म्हणाली. तिच्या खांद्याला काचा जडवलेली नवी पिशवी होती, बंजारा बायांच्या दुकानातून तासभर घासाघीस करून घेतलेली. वामनराव म्हणाले, उशीर होतोय. म्हणाले, पित्त झालंय. म्हणाले, पलीकडे पुरणपोळी चांगली मिळते. शोभानं ऐकलं नाही, आणि जिथे धूर जास्त होता तिथेच ती गेली. राखेसमोर एक बाई पाटावर बसलेली होती. साठीची, हाडापेरानं मजबूत, डोक्यावरून पदर, तोंड आराच्या धगीनं लालसर झालेलं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून एकेक रोडगा उलथ्यानं बाहेर काढायची, हातावर झेलून राख झटकायची, फोडायची आणि तुपात बुडवायची. शेजारी सलोनी वांग्याच्या भाजीचं पातेलं घेऊन उभी, नाक लाल. बाईनं वर पाहिलं. वामनरावांकडे एकदा पाहिलं; दुसऱ्यांदा पाहायची तिला गरज पडली नाही. “बसा ताई,” ती शोभाला म्हणाली. “बसा साहेब.”

ते बसले. पत्रावळी आल्या. शोभाला कुठे दम! “तुम्हीच ना त्या बेबीताई? अहो, तुमच्या नातीनं काय सुंदर म्हटली हो झडती! मी यांना म्हणतेय, त्या पोरीला का टाकलंत तुम्ही म्हणून. सगळ्यांनी नऊ दिले आणि यांनी दोन!” वामनराव वरणाकडे बघत होते. बेबीताई म्हणाली, “साहेबाइनं नेम पाह्यला असन. नेमाचे पक्के दिसते साहेब.” आणि त्यांच्या पत्रावळीवर रोडगा फोडून ठेवला. तिच्या बोटांची पेरं वरणाच्या हळदीनं पिवळी झालेली होती. वामनरावांना घास उचलवेना. “पण उत्तर काय होतं हो?” शोभानं विचारलं. “सांगू का आजी?” सलोनी पुढे झाली. “नाही,” बेबीताई म्हणाली. “तोरनाखालची गोस्ट तोरनाखाली. पत्रावळीवर नाही.” मग शोभाला वाईट वाटू नये म्हणून की काय, ती जरा हसली. “लय मोठं नव्हतं ताई. एक नाव काढाचं होतं अन् एक घालाचं होतं. बाकी झडती चांगलीच हाय. ज्यानं केली तो हुशार होता. उकंडा मेला मांगच्या साली, पुसदले, पोरीच्या घरी. मरेपावतर त्यानं डफड्याले हात नाही लावला म्हने. मले त्याचं नाव तेवढं काढून घ्याचं होतं तिच्यातून.”

“म्हणजे दुसराच कोणी होता?” शोभाचा घास हातात राहिला. “होता न.” “मग तेव्हाच का नाही सांगितलंत, बाई?” वामनरावांनी डोळे मिटले. आता येणार होतं ते, जे चाळीस वर्षं ते एकटेच काढून बघत होते. आता तिच्या तोंडून येणार होतं, आणि खरं सांगायचं तर त्या भीतीच्या तळाशी त्यांना ते ऐकायचं होतं. बेबीताईनं निखारे सारखे केले. “सांगतच होती, ताई. उकंडाले मारून राह्यले होते, मी ओट्याच्या खाली उतरली बी होती. तोंडात नाव आलतं. तेवढ्यात माह्या बापानं त्याले इचारलं, तुहा सदरा हाय काय रे? तं तो म्हने, मी देला तवा पांढरा होता. काय सांगू तुमाले, आवाज एवढासा हालला नाही त्याचा. अन् माहे पाय तिथंच थांबले. म्हटलं, आता याचं नाव घेतलं तं बाप याच्याशीच माहं लगन लावून देईन. जनमभर याच्या ताटात पोळी वाढा लागन. अन् उद्या माह्यावर पाळी आली, तं हा मले बी असाच म्हनन, मी आनली तवा पांढरी होती.” तिनं एक रोडगा हातावर झेलला, राख झटकली. “वाचली म्हटलं मी. गप्प बसली. बिजवर भेटला, पन मानूस खरा भेटला. पाप एवढंच झालं, का उकंडाच्या पाठीवरून चढून वाचली. ते फेडाचं होतं.”

शोभानं हातातला घास पत्रावळीवर परत ठेवला. मग तिनं मनापासून म्हटलं, “बाई, बाई, बाई! ज्या कोणा बाईच्या पदरात पडला असेल तो, तिची दया येते हो मला.” बेबीताईनं तिच्याकडे पाहिलं. फार मायेनं पाहिलं. “म्हनून तं आता नाव नाही घेतलं, ताई,” ती म्हणाली. मग तुपाचं भांडं उचललं आणि वामनरावांपुढे वाकली. “तूप घ्या न साहेब. बोटभर.”

रिक्षात शोभा कडेला सरकून बसली. काचांची पिशवी मांडीवर होती. उतरतं ऊन त्या काचांवर पडून त्याचे कवडसे वामनरावांच्या शर्टावर हलत होते. ते मनाशी सावरत होते. म्हातारी खोटं बोलली, असं एकदा म्हणून पाहिलं. अपमानाचा सूड, असं म्हणून पाहिलं. पण दुपारी एकटे असताना ते जे काढून बघायचे, ते आता तिथे नव्हतं. त्या जागी एक मुलगी ओट्याखाली उतरून थांबलेली होती आणि त्यांच्याकडे बघून देवाचे आभार मानत होती. बसस्टँड मागे पडलं. “तुमच्या मामांचं गाव बोरटाकळीच ना?” शोभानं विचारलं. “लग्नानंतर एकदाच नेलं होतंत. पोळ्याला चला म्हटलं की दरवर्षी तुम्हाला काम निघायचं.” वामनराव म्हणाले, “त्या नावाची दोन गावं आहेत.” “हो का,” शोभा म्हणाली. पुढचा चौक येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, “आपल्या हळदीला तुम्ही बनियन काढू दिलं नव्हतं. सासूबाई सांगायच्या. सगळीकडे हळद लावून घेतली, पाठीला हात लावू दिला नाही पोरानं. मला काय वाटायचं माहीत आहे? लाजाळू आहे बिचारा. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायची.”

“शोभा, तू काहीतरीच...” पण ती ऐकत नव्हती. तिचे ओठ हलत होते, जपाला बसल्यासारखे. छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही पाचसहा वेळा, लाजून. आता ती लाजली नाही. “पाचही बोटं उमटली पाहा,” ती म्हणाली, एकेक शब्द सुटा करून, “वामनाच्या पाठीवर.” कुठेही अडलं नाही. उकंडाचं नाव निघालं आणि त्यांचं जिथल्या तिथे बसलं, जसं काही ते चाळीस वर्षांपूर्वी त्याच मापानं जुळवलेलं होतं. “हर बोला,” शोभा म्हणाली आणि थांबली. रिक्षा भाजीबाजाराच्या गर्दीत अडकली होती. “म्हणा ना. ज्याच्यावर झडती त्यानं म्हणायचं. सकाळी तुम्हीच सांगितलंत. राग धरायचा नसतो म्हणालात.”

“अगं, लोक आहेत.”

“तिथेही होते.”

वामनराव पुटपुटले. शोभानं मान हलवली. “मोठ्यानं.” त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं. हिशेब चुकलेल्या दुकानदाराकडे ती जशी बघायची तसं ती त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी रिक्षाची दांडी धरली, छाती भरून घेतली आणि ओरडले. ‘हर हर’ चांगलं निघालं. ‘महादेव’च्या मधोमध आवाज फाटला. भाजीवाल्या बायांनी वळून पाहिलं, एक म्हातारा हसला, आणि रिक्षावाला आरशातून म्हणाला, “काय काका, पोळा हाय का?”

“आहे,” शोभा म्हणाली. “तुम्ही चला.” मग वामनरावांच्या पाठीकडे थोडी वाकून तिनं पाहिलं, शर्टावर काही लागलंय का ते बघावं तसं. “नाही सुटली,” ती म्हणाली. “पुन्हा म्हणा.”